जुनं सागवानी फर्निचर घ्यायचंय? बाळीवेशीतल्या दुकानाचा माझा अनुभव

सोलापुरात जुनं सागवानी नाहीतर शिसवी फर्निचर घ्यायचं असेल तर पुण्या-मुंबईला जायच्या आधी बाळीवेशीकडच्या ह्या दुकानात एकदा जाऊन या, एवढं सरळ सांगते. दुकानाला बोर्ड नाहीये. बाहेर दोन पलंगांचे खरादी पाय आणि एक मोडका देव्हारा उभा असतो तीच खूण, आणि गल्लीत शिरल्यावर जुनं फर्निचर कुठं मिळतं असं कोणालाही विचारलं की दाखवतात. मी इथून बाबांसाठी आरामखुर्ची घेतली, आजीचं शिसवी कपाट दुरुस्त करून घेतलं, आणि त्या निमित्ताने दुकानात बरेचदा जाऊन बसले, त्यामुळे हे दुकान रोज कसं चालतं तेही बघायला मिळालं आणि तेच जास्त लिहिणारे, कारण जुन्या फर्निचरचं फोटोत काही कळत नाही, विकणारा माणूस कसा आहे त्यावर सगळं असतं.

आधी खुर्चीचं सांगते. लांब हातांची आरामखुर्ची, जुन्या डाकबंगल्यात असायच्या तसली, हाताखालच्या पट्ट्या बाहेर फिरवल्या की त्यावर पाय टाकून पडता येतं, बैठक वेताची. मला बघताक्षणी आवडली. किंमत विचारली तर मालकांनी किंमत सांगितलीच नाही, आधी खुर्ची उलटी केली आणि मागच्या डाव्या पायावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, ह्यो पाय नवा हाय बगा. जुना वाळवीनं खाल्ला होता, आमच्याच मिस्त्रीनं बदललाय. लाकूड जुनंच हाय, वाड्याच्या तुळईतलं, पण पाय नवा हाय. आधी बघून घ्या, मग किंमत बोलू." पॉलिश इतकं मिळवलेलं होतं की त्यांनी दाखवलं नसतं तर मला ते कधीच कळलं नसतं, आणि मी काही अगदीच अडाणी नाहीये ह्या बाबतीत, घरात लहानपणापासून शिसवी वस्तू बघत आलेय. किंमत 9,500 सांगितली, चारही पाय अस्सल असते तर 12,000 म्हणालो असतो म्हणाले. मी घासाघीस केली नाही. पावती मागितली तर वहीचं पान फाडून हाताने लिहून दिली आणि त्यात लिहिलं, मागचा डावा पाय नवीन, वेत नवीन, बाकी सर्व जुने सागवान. अशी पावती मला आजवर कुठल्याही फर्निचरच्या दुकानात मिळालेली नाही, आणि माझ्या मते हे दुकान त्या एका पावतीसाठी पाच स्टार देण्यासारखं आहे.

आता दुकानाचा दिवस. साडेदहाच्या आसपास शटर वर जातं. झाडू मारायच्या आधी मालक बॅटरी घेऊन प्रत्येक वस्तूच्या खाली वाकून बघतात, कपाटाच्या पायाशी, टेबलाच्या ड्रॉवरखाली, पलंगाच्या पाट्यांखाली, आणि कुठे पिठासारखा ताजा भुसा पडलेला दिसला की ती वस्तू लगेच उचलून मागच्या अंगणात. झाडू आधी मारला तर तो भुसा निघून जातो आणि कीड चालू आहे का नाही तेच कळत नाही, म्हणून हा क्रम. लाकडाला बारीक भोकं दिसली की लोक घाबरतात आणि वस्तू सोडून देतात, पण भोक म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची जागा, ते वीस वर्षांपूर्वीचंही असू शकतं. खाली काळा कागद ठेवायचा, वस्तू हलवायची नाही, आणि चार-आठ दिवसांनी बघायचं, भुसा पडला असेल तर कीड जिवंत आहे. हे त्यांनी मला शिकवलं आणि घरी जाऊन मी अख्ख्या घरात काळे कागद टाकले होते. अजून एक, सागवानाच्या आतल्या तपकिरी गाभ्याला कीड सहसा लागत नाही कारण त्यात तेल असतं, पण बाहेरच्या बाजूचं जे पांढरट लाकूड असतं ते किडा आवडीने खातो, त्यामुळे 'सागवान आहे, काही होत नाही' असं कोणी सांगितलं तर मागून वाकून बघा पांढरट पट्टा किती आहे ते. जुन्या चांगल्या कामात तो काढून टाकलेला असतो, घाईच्या कामात तसाच ठेवून वर गडद पॉलिश मारलेलं असतं.

मग पुसापुशी. कोरडं सुती फडकं, ओलं कधीच नाही. उन्हाळ्यात दुकानात दोन-तीन बादल्या पाणी भरून ठेवलेलं असतं, मला वाटलं प्यायला किंवा सडा मारायला असेल, तर ते हवेसाठी. आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे 43-44 डिग्री आणि हवा एकदम कोरडी ठाक, त्यात लाकूड आकसतं. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली वस्तू तर पहिल्याच उन्हाळ्यात सांध्यांतून कुरकुरायला लागते, फळ्यांच्या मधे फट पडते, वेत वाळून तुटतो. म्हणून मुंबईकडून आलेला माल मालक एक उन्हाळा दुकानात ठेवून मगच विकतात, जे काय तडकायचं ते आमच्याकडे तडकू दे, गिऱ्हाइकाच्या घरात नको, असं त्यांचं म्हणणं. विचार करा, एवढा पैसा अडकवून माल वर्षभर ठेवायचा, आजकाल कोण करतं हे! माझी खुर्ची मुंबईकडची नव्हती, तरी तिनेही असाच एक मे महिना दुकानात काढलेला होता. आणि विकताना विचारतात, कुठल्या खोलीत ठेवणार, एसी आहे का, दुपारचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं. एका बाईंना शिसवी ड्रेसिंग टेबल पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवायचं होतं तर त्यांना म्हणाले जागा बदला नाहीतर दुसरं काहीतरी घ्या. त्या रागावून गेल्या, पण सल्ला बरोबर होता.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची येतात आणि मालक ज्याच्या त्याच्या भाषेत बोलतात, मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी, आपल्या सोलापुरात हे नवीन नाही पण एकाच पाटावर चार भाषांत भाव होताना ऐकायला छान वाटतं. पुण्याचे इंटिरियरवाले येतात, हॉटेलवाले येतात, आणि 'जुनं आहे ना, मग स्वस्त द्या' म्हणणारे तर रोजच. त्यांच्याशीही मालक शांतपणे बोलतात. वजन बघा म्हणतात, एक ड्रॉवर हातात देतात. मला हे फार पटतं, कारण खरंच एकदा तो ड्रॉवर हातात घेतला की प्लायवूडचा आणि ह्याचा फरक सांगावा लागत नाही.

खरं-खोटं ओळखायचं कसं ह्यावर त्यांच्याकडून जे कळलं ते लिहिते, कारण ऑनलाइन 'ब्रिटिशकालीन' म्हणून काय वाट्टेल ते विकायला लागलेत. एक तर स्क्रू बघा, फुलीच्या डोक्याचा स्क्रू असेल तर ती वस्तू नंतरची आहे किंवा नंतर दुरुस्त झालीये, जुन्या कामात सरळ खाचेचे स्क्रू असतात आणि शक्यतो स्क्रू नसतातच, कुसू (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ती बसायला खाच आणि वरून लाकडी खुंटी. दुसरं म्हणजे सांध्यातला गोंद. जुने सुतार सरस वापरायचे, जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला, तो गरम पाण्याच्या वाफेने सुटतो त्यामुळे दुरुस्ती सोपी जाते. फेव्हिकॉल आला 1959 साली, तेव्हा सांध्यात पांढरा गोंद दिसला तर तो भाग त्यानंतरचा, मग विकणारा काहीही सांगो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. गोल टेबल असेल तर टेप घेऊन दोन्ही बाजूंनी मोजायचं. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे खरंच जुनं अखंड लाकडाचं गोल टेबल आता पूर्ण गोल राहिलेलं नसतं, एका बाजूने थोडं कमी भरतं. मालकांनी माझ्यासमोर एक टेबल मोजून दाखवलं आणि खरंच फरक आला.

आणि रेल्वेचा शिक्का. सोलापुरात जीआयपी, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची बाकं-खुर्च्या म्हणून बरंच काही फिरतं, जीआयपीची मध्य रेल्वे झाली 1951 साली, म्हणजे तो शिक्का खरा असेल तर वस्तू त्याच्या आधीची, आणि म्हणूनच शिक्का बघून लोक दुप्पट पैसे देतात. मी दुकानात असताना एकजण असं बाक विकायला घेऊन आला होता. मालकांनी शिक्क्यावरून नुसता अंगठा फिरवला आणि नको म्हणाले. नंतर मला सांगितलं, अक्षरांच्या कडा बोटाला टोचत होत्या आणि आत पॉलिशचा थर नव्हता, म्हणजे पॉलिश झाल्यावर शिक्का मारलाय. बाक जुनं होतं, चांगलं होतं, नुसतं जुनं बाक म्हणून आणलं असतं तर त्यांनी घेतलं असतं. तसंच गिरण्यांचं. आपली जुनी मिल 1877 ची, त्यामुळे सोलापुरात प्रत्येक दुसरं टेबल मिलच्या साहेबाचं असतं. मालक ह्यावर एकच विचारतात, कागद आहे का? कागद नसेल तर ते गिऱ्हाइकाला वस्तू मिलची आहे असं सांगत नाहीत. माझ्या खुर्चीबद्दल पण एवढंच म्हणाले की साठ-सत्तर वर्षांची असावी, अक्कलकोटकडच्या एका घरातून आलीये, बस. शंभर वर्षांची म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, पण नाही म्हणाले. (ज्यांना परदेशातल्या नातेवाइकांना असलं काही पाठवायचं असेल त्यांच्यासाठी, 100 वर्षांवरच्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तूंचा कायदा लागतो आणि त्या अशा खाजगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, हे पण मला इथेच कळलं.)

माल येतो कुठून तर मुख्यतः घरं पडतात तिथून. माळवदाची घरं पाडून बिल्डिंग बांधायचं चालूच आहे, शहरात पण आणि बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडे पण. फोन येतो, मालक छोटा हत्ती (लहान टेम्पो) सांगतात आणि जातात. तुळया, खांब, चौकटी हे लाकूडवाले घेतात, पलंग, पेटारे, फडताळं, देव्हारे, झोपाळ्याच्या पितळी कड्या हे ह्यांच्याकडे येतं, आणि दुरुस्तीसाठी तुळयांचे चार तुकडे ते मुद्दाम घेऊन ठेवतात, कारण जुन्या वस्तूला नवं लाकूड लावलं तर रेषा जुळत नाहीत आणि ते वेगळं आकसतं. जुनं बर्मा सागवान तर आता तसं मिळतच नाही, म्यानमारने 2014 पासून कच्च्या लाकडाची निर्यात बंद केलीये, म्हणजे जे आहे ते ह्या जुन्या घरांतच आहे.

ह्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकदा मी बसलेली असताना एक माणूस आला, आईचा पलंग विकायचाय, उद्याच्या उद्या घेऊन जा, पैसे कमी द्या तरी चालेल. मालकांनी विचारलं भावंडं किती. बहीण आहे म्हणाला, लातूरला. मग तिला फोन लावा म्हणाले. तो म्हणाला त्याची काय गरज, घर माझ्या नावावर आहे. मालक म्हणाले, "घर असंल तुमच्या नावावर, पलंगावर आई झोपत होती की ओ. ताईला एकदा विचारा, मग मी येतो." तो बाहेर जाऊन बराच वेळ फोनवर बोलला आणि परत आला तो म्हणाला बहिणीला पलंग हवाय, ती टेम्पो पाठवणार आहे. मालकांचा सौदा गेला. चांगला पलंग होता, फोटो मी बघितला, मच्छरदाणीचे चारही दांडे शाबूत. मी विचारलं वाईट नाही वाटलं का, तर म्हणाले असे पलंग घेऊन पूर्वी भावाबहिणींची भांडणं दुकानाच्या दारात आलीत, एक पोलीस चौकीपर्यंत गेलं, तेव्हापासून सगळ्यांना विचारल्याशिवाय घरातली वस्तू उचलत नाही. धंद्याचा शहाणपणा म्हणा, माणुसकी म्हणा, मला दोन्ही दिसलं आणि त्या दिवसापासून ह्या माणसाबद्दल मनात खूप आदर आहे.

आता आजीचं कपाट. शिसवी, दोन दारांचं, एका दारात आरसा, वजन इतकं की चार हमाल लागले, शिसव सागवानापेक्षा बरंच जड असतं. मला ते चकचकीत करून हवं होतं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, आमच्या नवीन फ्लॅटमधल्या बाकी फर्निचरला मॅच होईल असं. पीयूमध्ये त्यांना पैसे जास्त मिळाले असते पण ते नको म्हणाले आणि का ते नीट समजावलं. जुनं पॉलिश लाखेचं, म्हणजे चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या गोळीने थरावर थर चढवलेला. त्यावर ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी परत हात मारला की नवा थर जुन्यात मिसळून जातो. पीयूचा थर जाड आणि वेगळा बसतो, एकदा उडाला की सगळं घासून काढावं लागतं, आणि घासताना वरचा जुना रंग कायमचा जातो, तो परत आणता येत नाही. लाखेचे तोटेही सांगितले, गरम चहाचा कप ठेवला की पांढरी चकती उमटते, स्पिरिट किंवा सॅनिटायझर सांडलं की डाग पडतो, आणि पावसाळ्यात दमट हवेत पॉलिश केलं तर पांढुरकं होतं म्हणून ते काम जून ते सप्टेंबर ते घेतच नाहीत. माझं कपाट दिवाळीनंतर केलं. आरसा बदलू दिला नाही, कडेला काळे डाग आहेत पण काच जुनी आहे म्हणाले, राहू दे. आता ते कपाट हॉलमध्ये आहे आणि आजीने दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेले दुधाचे हिशोब अजून तसेच आहेत, मिस्त्रींनी ती फळी घासलीच नाही, मी सांगितलेलं नसताना. हे बघून आई रडली.

तक्रारीही आहेत, त्या लिहायलाच पाहिजेत. वेळ अजिबात पाळत नाहीत. खुर्चीचा वेत नवा विणून पंधरा दिवसांत देतो म्हणाले, दीड महिन्याच्या वर गेला, कारण वेत विणणारे अण्णा एकटेच आहेत, वय झालंय, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी येत नाही. काम बघितल्यावर राग जातो हे खरं, भिजवलेला वेत भोकाभोकातून काढत उभे-आडवे-तिरपे पदर असे बसवतात की बैठक ताशासारखी घट्ट लागते, पण निदान फोन करून उशीर होईल असं सांगायला काय हरकत होती? फोन उचलत नाहीत, त्यासाठी एक स्टार कमी. दुसरं, वस्तूंवर किमती लिहिलेल्या नसतात. मला फसवलं नाही, पण लाजरा माणूस विचारायलाच जाणार नाही. तिसरं, दुकान फार अंधारं आहे, पॉलिशचा खरा रंग बघायचा तर वस्तू बाहेर काढून मागा, ते काढून देतात, कुरकुर करत नाहीत. वयस्कर माणसांना आत शिरायला दोन उंच पायऱ्या आहेत आणि धरायला काही नाही. टेम्पो आणि हमालीचे पैसे वेगळे, आधी ठरवून घ्या. आमच्याकडे कपाट परत आणताना दाराच्या चौकटीला घासून ओरखडा पडला, तर दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींना पाठवून तो मिटवून दिला, पैसे घेतले नाहीत, लाखेच्या पॉलिशचा फायदा तिथेच कळला.

स्वस्त आहे का? नाही. तेवढ्या पैशात शोरूममध्ये नवीन चकाचक काहीतरी येईल, पण त्यातलं आत काय आहे ते तुम्हाला कोणी उलटं करून दाखवणार नाही. लहान बजेट असेल तर पाट, चौरंग, मसाल्याच्या लाकडी पेट्या, मुनीमाचं उतरत्या झाकणाचं छोटं डेस्क असं बरंच काही तीन-चार हजारांच्या आत असतं.

जायचं तर सकाळी अकरा ते एक जा, तेव्हा मालक स्वतः असतात आणि गर्दी नसते, दुपारी बंद असतं, संध्याकाळी मुलगा असतो पण त्याला अजून सगळं माहीत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत जानेवारीत दुकान बंद असतं. गाडी लांब लावून चालत जावं लागेल. घराच्या दाराची रुंदी, जिन्याचं वळण आणि लिफ्टचं माप लिहून न्या, कारण जुनी कपाटं सुटी होतात पण पलंगाची डोक्याकडची बाजू होत नाही, आणि झोपाळा बघणार असाल तर छतातल्या कड्यांमधलं अंतर मोजून न्या. रोख किंवा यूपीआय चालतं, कार्ड नाही. आणि पावती मागा, त्यात काय नवीन काय जुनं ते लिहून मागा, लगेच देतात.